लाल बिअरवर दोन शब्द

चहाचा पहिला घोट घेतला आणि चाखोबांच्या हातातला कप बशीवर जरा जोरातच टेकला. घोट गरम होता, एवढंच कळलं. ना गोड, ना तुरट, ना पातेलं नीट घासलं नसल्याची ती रोजची शंका. त्यांनी दुसरा घोट घेतला, जिभेवर इकडून तिकडे फिरवला, टाळूला लावला, डोळे मिटले. काही नाही. मग ओट्सचा चमचा तोंडात घातला. ओट्स मऊ होते. नुसत्या मऊपणाला चव नसते, हे त्यांना या वयात प्रथमच कळलं.

समोर बायको कमरेवर हात ठेवून उभी होती.

"बोला की," ती म्हणाली. "आज काय कमी आहे?"

चाखोबा हे नाव कारखान्याने ठेवलेलं. तोंडावर सगळे त्यांना काकाच म्हणत. एका लहानशा बिअरच्या कारखान्यात ते चवपरीक्षक होते. टाकीतली बिअर बाटलीत जायच्या लायकीची आहे की गटारात, हे एक घोट घेऊन सांगायचं, हे त्यांचं काम. बहुतेक वेळा ते गटाराच्या बाजूने असत. आता हे काम कारखान्यात ठेवून घरी यावं की नाही माणसाने? पण ते त्यांना कधी जमलं नाही. आदल्या संध्याकाळीच त्यांनी ताटातल्या भाजीवर मत दिलं होतं. "सुरुवातीला मीठ धावत येतं, मधे कोणीच नसतं, आणि शेवटी तेल एकटंच मागे राहतं." बायकोने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं होतं आणि भाजीच्या भांड्यावर झाकण ठेवलं होतं. इतकी वर्षं संसार केलेल्या माणसाला त्या झाकणाच्या आवाजावरून पुष्कळ काही कळायला हवं होतं. चाखोबांना कळलं नाही.

आणि आत्ता त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घणघणत होती: जीभ गेली.

"छान आहे," ते घाईघाईने म्हणाले.

बायकोचे हात कमरेवरून खाली आले. "काय म्हणालात?"

"छान आहे म्हटलं. सगळंच छान आहे."

ती मागे सरकली आणि ओट्याला टेकली. लग्न झाल्यापासून हा शब्द तिने नवऱ्याच्या तोंडून ऐकला नव्हता. लग्नाच्या जेवणालासुद्धा त्यांनी 'ठीक' म्हटलं होतं. ती त्यांच्याकडे अशा नजरेने पाहत राहिली, की जणू ते बोलता बोलता खुर्चीवरून खाली घसरणार आहेत.

चाखोबांचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. जीभ जायची तर सोयीच्या दिवशी तरी जावी. आज चाखणी होती, आणि तीही साधीसुधी नाही. कारखान्यात पहिल्यांदाच आयरिश धाटणीची लाल बिअर तयार झाली होती आणि आख्खी टाकी त्यांच्या एका शब्दासाठी खोळंबली होती. जिभेची परीक्षा घरच्या घरी घ्यावी, तर तीही सोय नव्हती. चाखणीच्या दिवशी कांदा नाही, लसूण नाही, वेलची नाही, बडीशेप नाही, वासाचा साबण नाही. दातसुद्धा ते नुसत्या ओल्या ब्रशने घासत. हे नियम त्यांचे त्यांनीच केले होते आणि ते मोडणाऱ्या माणसाला त्यांनी कधी माफ केलं नव्हतं.

कारखान्याच्या फाटकातून आत शिरताना त्यांनी खोल श्वास घेतला. शिजणाऱ्या धान्याचा वास तिथे रात्रंदिवस भरलेला असे. इतक्या वर्षांत चाखोबांना तो येईनासाच झाला होता आणि त्याचं त्यांना कधी काही वाटलं नव्हतं. आज मात्र तो येत नाही म्हटल्यावर त्यांना दरदरून घाम फुटला. फाटकाजवळच्या शेडमध्ये त्यांच्या आधीचे चवपरीक्षक बसले होते. एका साध्या सर्दीने त्यांचं नाक कायमचं नेलं आणि तेव्हापासून ते तिथे बाटल्यांची झाकणं मोजत. त्यांनी हात वर केला. "काय काका, बरं ना?" चाखोबांनी मान डोलावली आणि पावलं उचलली. तोंड उघडलं आणि खरं बोललो, तर टेबलाच्या टोकाची आपली खुर्ची गेली आणि या शेडमध्ये दुसरं स्टूल आलं, हे त्यांना लख्ख दिसत होतं.

चाखणीची खोली पांढऱ्या फरश्यांची होती आणि खिडकीला जाड पडदा होता. डोळे चवीत लुडबुड करतात, हे चाखोबांचं आवडतं मत. म्हणून त्यांनीच हट्टाने काळपट लाल काचेचे जाड पेले मागवले होते. आत काय आहे ते बाहेरून दिसू नये, यासाठी. वर काचेचं झाकण, वास कोंडून राहावा म्हणून. पेला उचलायचा, डोळे मिटायचे, नाकाखाली झाकण सरकवायचं, हुंगायचं आणि घोट घ्यायचा. मालकीणबाई आणि गोडाऊन सांभाळणारे तात्या यांच्यापुढे एकेक पेला असे. चाखोबांपुढे दोन. उजवीकडे तोंड धुवायला सोडा आणि डावीकडे बिअर. सोड्याचा मान एकट्या त्यांचा.

आज ट्रे लावला होता तो नव्या मुलीने. ही बिअर तिनेच बनवली होती. जेवणापासून झाडूपर्यंत सगळं डाव्या हाताने करते म्हणून सगळे तिला डावरी म्हणत. ती भिंतीला टेकून उभी होती, चेहरा पांढराफटक.

"घ्यायची का, काका?" मालकीणबाईंनी विचारलं.

"घेऊ या."

रोज चाखोबा आधी सोड्याने खळखळून चूळ भरत. आज त्यांनी मनात म्हटलं, ज्या जिभेला काही कळतच नाही ती धुवून करायचंय काय? त्यांनी सरळ डावा पेला उचलला, डोळे मिटले, हुंगलं. काही नाही. घोट घेतला. जिभेवर बुडबुडे फुटले. थंड लागलं. बस्स.

संपलं, चाखोबा मनात म्हणाले. गेली ती गेलीच.

डोळे उघडले तर मालकीणबाई टक लावून त्यांच्याकडेच पाहत होत्या. त्यांच्या भुवया कपाळाच्या मध्यापर्यंत चढल्या होत्या. तात्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. भिंतीशी डावरीने डोळे गच्च मिटून घेतले होते. आणि कारखान्याची रीत अशी, की काका बोलल्याखेरीज कोणी तोंड उघडायचं नाही.

चाखोबांनी घसा साफ केला. रोजच्यासारखी खोड काढावी म्हटलं, तर खोड निदान त्या बिअरमध्ये असायला तरी हवी ना! नसलेली खोड काढली तर पकडले जाणार. स्तुतीला मात्र काहीच लागत नाही.

"सुरुवातीला," ते म्हणाले, आणि आपला आवाज इतका ठाम कसा निघाला याचं त्यांनाच नवल वाटलं, "सुरुवातीला येतो तो पाकाचा गोडवा. साखर लाल होते आणि आता जळते की काय असं वाटतं, बरोबर त्या क्षणी कोणीतरी गॅस बंद करावा, तसा. मग येते भाजलेल्या पावाची कड. पाव नव्हे, कड. आणि शेवटी कोऱ्या चहासारखा कोरडेपणा. जीभ स्वच्छ करून जातो. पाहुणे वेळेवर उठून गेल्यासारखं वाटतं."

डावरीने एक डोळा उघडला.

"दोष?" मालकीणबाईंनी अगदी हळू विचारलं.

"दोष नाही."

तात्यांच्या हातातून झाकण सुटलं आणि टेबलावर गरगरत राहिलं. चाखोबांनी दोष नाही म्हणावं, ही गोष्ट त्या कारखान्यात कोणी पाहिलेली नव्हती.

"काका, तुम्हाला जरा... जळकं असं काही नाही वाटलं?"

"जळकं?" आता मागे फिरायला वाट नव्हती. "बाई, त्यालाच कड म्हणतात."

"कड!" तात्या डोळे पुसत म्हणाले. "अगदी कड! मीही तेच म्हणणार होतो."

मालकीणबाईंनी आपल्या पेल्याकडे पाहिलं, मग छताकडे पाहिलं, आणि त्या उठून आपल्या खोलीत गेल्या. जाताना त्यांनी तात्यांना कुठून तरी लिंबू आणून द्यायला सांगितलं.

चाखोबा पॅसेजमध्ये येऊन भिंतीला धरून उभे राहिले. निभावलं, असं त्यांना वाटलं न वाटलं तोच मागून पळत येणाऱ्या पावलांचा आवाज आला. डावरी होती. तिचे डोळे भरून आले होते.

"काका, तुमचे उपकार मी जन्मात विसरणार नाही."

"कसले उपकार?"

"आता मला नका फसवू. तुम्ही एका घोटात ओळखलं असणार. धान्य भाजताना मी आईशी फोनवर बोलत होते. ती मावशीच्या भांडणाचं सांगत होती, संपेचना. इकडे सगळं जळलं. मला वाटलं, थोडंच आहे, खपून जाईल. आज तुम्ही नाव ठेवणार, बाई मला काढणार, म्हणून मी सकाळीच बॅग भरून ठेवली होती. आणि तुम्ही... तुम्ही ते गिळलंत! वर पाक काय, कड काय!"

"जळलं म्हणजे," चाखोबांनी कसंबसं विचारलं, "कितपत जळलं?"

"कोळसा झाला होता, काका."

चाखोबांच्या पायाखालची जमीन सरकली. इतका वेळ त्यांना वाटत होतं की साधी चव गेली आहे. आता कळलं, की आपण कोळसा प्यायलो आणि जिभेने हूं की चूं केलं नाही. याच्यापुढे झाकणं मोजण्याचंही काम कोणी देईल की नाही? डावरी आणखी बरंच बोलत होती, त्यांच्यासारखा देवमाणूस नाही वगैरे. ते मान डोलावत तिथून सटकले.

जेवणाच्या सुट्टीत ते गोडाऊनमध्ये रिकाम्या खोक्यांच्या आड तात्यांच्या शेजारी बसले. डबा उघडला. भाजी होती, भात होता. एकेक घास ते गोळी घ्यावी तसा गिळत राहिले. तात्यांनी नेहमीप्रमाणे न विचारता त्यांच्या डब्यात हात घातला, घास तोंडात टाकला आणि त्यांचा जबडा थांबला.

"काका, वहिनींची तब्येत बरी आहे ना?"

"का?"

"भाजीत मीठ नाही. तिखट नाही. फोडणी नाही. भाजीत भाजीसुद्धा आहे की नाही, शंका येते."

चाखोबा तात्यांकडे पाहत राहिले. मग त्यांनी झडप घालून तात्यांच्या डब्यातलं लोणचं उचललं आणि तोंडात कोंबलं. चाखणीच्या दिवशी लोणचं! तात्या हबकून मागे सरकले. चाखोबांचा चेहरा आक्रसला, डोळे मिटले, कानशिलं लाल झाली. "खारट!" ते ओरडले. "खारट आहे रे तात्या! मोहरी कच्ची आहे! लोणचं भिकार आहे!" आणि त्यांनी आनंदाने तात्यांना मिठी मारली.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. बायकोचा होता.

"अहो, कसं वाटतंय आता? चक्कर वगैरे नाही ना? मी तुमच्या ताईंना कळवलंय, त्या निघाल्यात. आपल्या धाकट्यालाही सांगितलं."

"मला काय झालंय?"

"सकाळी छान म्हणालात ना! माझ्या तर काळजात धस्स झालं."

"तू चहात काय घातलं होतंस?"

मग बायको म्हणाली, "काही नाही. म्हणजे काहीच नाही. रंगापुरती चिमूटभर पावडर. साखर घातली की जास्त होते, मीठ घातलं की कमी होतं. म्हटलं, आज घालूच नये. बघू कशाला नावं ठेवता ते. तर तुम्ही छान म्हणालात! मी रडायचीच बाकी होते हो."

चाखोबांनी फोन ठेवला. जीभ शाबूत होती. क्षणभर त्यांना उडी मारावीशी वाटलं. पण जीभ शाबूत होती, तर मग तो कोळसा लागला कसा नाही? ते उठले आणि तात्यांना तिथेच सोडून तडक चाखणीच्या खोलीकडे सुटले.

ट्रे अजून टेबलावरच होता. डावा पेला घोटभर कमी. उजवा पेला झाकणासकट काठोकाठ भरलेला. चाखोबांनी डाव्यातला घोट घेतला. सोडा. साधा, सपक, निष्पाप सोडा. मग त्यांना डावरीचा तो डावा हात आठवला. तिने ट्रे लावला होता तो आपल्या सोयीने, उलटा. त्यांनी उजव्या पेल्याचं झाकण काढलं. नाकात शिरला तो विझवलेल्या शेकोटीचा वास. त्यांनी घोट घेतला आणि तो तोंडात थांबेना. पुढे राख, मागे राख, मधे कुठेतरी जरासा गोडवा होता, तोही धुराने गुदमरलेला. त्यांनी मोरीत जाऊन पच्चकन थुंकलं.

"भयंकर!" ते भिंतीला म्हणाले. "अत्यंत भयंकर!" इतक्या समाधानाने ते कित्येक दिवसांत काही बोलले नव्हते.

समाधान पुरतं घोटभरही टिकलं नाही. म्हणजे आपण सोडा प्यायलो, आणि सोड्यावर पाक, पाव आणि कोरा चहा असं भाषण ठोकलं! जीभ गेलेल्या माणसाला निदान लोक बिचारा म्हणतात. याला काय म्हणतील? चवपरीक्षकाला सोडा आणि बिअर यांतला फरक कळला नाही, ही बातमी फाटकाबाहेर गेली तर झाकणवाल्या शेडमध्येसुद्धा लोक हसायला येतील. पण सांगायला तर हवं. टाकी बाटल्यांत भरायला लागले असतील तर? चाखोबांनी मनाचा हिय्या केला आणि मालकीणबाईंच्या खोलीचं दार ढकललं.

बाई फोनवर होत्या. "हो, कड. पाव नव्हे, कड. मोठ्या अक्षरात. आणि वर काकांचं चित्र, मिशीसकट." त्यांनी हाताने चाखोबांना बसायची खूण केली. "लेबलं संध्याकाळपर्यंत छापून पाहिजेत."

चाखोबा खुर्चीच्या कडेला टेकले.

"बाई, त्या लाल बिअरबद्दल जरा बोलायचं होतं."

"आधी माझं ऐका. दार लावा." बाईंचा आवाज घोगरा झाला होता. टेबलावर कापलेल्या लिंबाच्या फोडी पडल्या होत्या. "काका, कोणाला सांगू नका. माझी जीभ गेली."

"तुमची?"

"मला ती बिअर जळकी लागली. राख लागली राख! तुम्हाला पाक लागला, तात्याला कड लागली, आणि मला राख. मग मी लिंबू चाखलं. ते आंबट लागलं. पण आता त्या लिंबाचाही भरवसा वाटेना. दुसरं मागवलं, तेही आंबटच. म्हटलं, आपल्याला वाटतंय खरं आंबट, पण कशावरून?" त्यांनी पदर डोळ्यांना लावला. "बाबांनी हा कारखाना माझ्या हातात दिला तो माझी जीभ बघून. आता ती नाही म्हटल्यावर मी कशाला लुडबुड करू? यापुढे तुम्ही म्हणाल ते. तुमचा शब्द शेवटचा."

चाखोबा खरं सांगायला आले होते. त्यासाठी तोंडही उघडलं होतं. पण शेवटचा शब्द आपला, हे ऐकून ते तसंच उघडं राहिलं. खुर्ची जाणार म्हणून ज्यांचा जीव सकाळपासून टांगणीला लागला होता, त्यांची खुर्ची तर उलट आणखी उंच होत होती. लाज वाटली त्यांना. पण लाज वाटली म्हणून लगेच तोंडातून खरं बाहेर पडतंच असं नाही.

"बोला, तुम्ही काय सांगत होता?"

"काही नाही. हेच, की... मिशी जरा लहान काढायला सांगा."

आणि तेवढ्यात तात्या धापा टाकत आत आले. "बाई, पाहुणे आले!"

पाहुणे म्हणजे एक हॉटेलवाले. गावात त्यांची हॉटेलं होती आणि काय प्यावं हे गाव त्यांना विचारून ठरवतं, असा त्यांचा समज होता. बाईंनी त्यांना लाल बिअरसाठी बोलावून घेतलं होतं. पुन्हा सगळे चाखणीच्या खोलीत जमले. डावरीने पुन्हा पेले मांडले. या वेळी चाखोबांनी दोन्ही झाकणं आधी किलकिली करून पाहिली.

"घेण्याआधी आमच्या काकांचे दोन शब्द ऐका," बाई पाहुण्यांना म्हणाल्या. "काका, सकाळचंच सांगा."

चाखोबांनी सांगितलं. पाक, कड, कोरा चहा. सकाळी जे नुसतं खोटं होतं, ते आता पाठ केलेलं खोटं झालं होतं. पाहुणे डोळे मिटून ऐकत होते. मग त्यांनी ऐटीत पेला उचलला, हुंगला आणि मोठा घोट घेतला. त्यांची मान एकदम ताठ झाली. गालाचा एक स्नायू उडाला.

"कड," शेवटी ते दाटलेल्या आवाजात म्हणाले. "आहे. कड आहे."

"पाक?" बाईंनी विचारलं.

"पाकही... आहे. मागे उभा आहे. सामान्य माणसाला सापडायचा नाही."

बाईंचा चेहरा पडला. हाही माणूस! आता उरलीसुरली शंकाही राहिली नाही. त्यांनी आपल्यापुढचा पेला दोन्ही हातांनी उचलला आणि हळूच चाखोबांच्या पुढ्यात सरकवला. "माझाही तुम्हीच घ्या, काका," त्या म्हणाल्या. "मला आता काय करायचाय."

तो पेला चाखोबांच्या हाताला लागला आणि त्यांच्याने राहवेना. सकाळपासून पोटात कोंबून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं.

"बाई, तुमची जीभ ठणठणीत आहे!" ते उभे राहून ओरडले. "बिअर जळकी आहे! राखच आहे! मी सोडा प्यायलो होतो!"

डावरीने तोंडावर डावा हात दाबून धरला.

"काय प्यायला होतात?" बाईंनी विचारलं.

"सोडा. ट्रे उलटा लागला होता. सकाळपासून मला कशाचीच चव लागत नव्हती, म्हणून वाटलं जीभ गेली. जीभ गेली म्हटलं असतं तर तुम्ही मला झाकणं मोजायला बसवलं असतं. म्हणून बोललो. वाटेल ते बोललो."

"मलाही राखच लागली होती!" तात्या एकदम म्हणाले.

"मग कड कड काय करत होतास?" बाई त्यांच्यावर उसळल्या.

"काका म्हणाले म्हणून."

बाईंनी आपला पेला परत ओढून घेतला, घोट घेतला आणि वेडंवाकडं तोंड केलं. "राख!" त्या हर्षाने म्हणाल्या. "शुद्ध राख!" त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मग आनंद ओसरला आणि त्यांची नजर सावकाश चाखोबांकडे वळली. चाखोबांना त्या नजरेत ते स्टूल स्पष्ट दिसलं.

"एक मिनिट," हॉटेलवाले म्हणाले.

त्यांना सगळे विसरलेच होते. त्यांचा चेहरा टोमॅटोसारखा झाला होता. भर खोलीत, चार माणसांसमोर, त्यांना राखेत पाक सापडला होता.

"सोडा कोण प्यायलं? हे प्यायले. मी नाही. मी बिअर प्यायलो. आणि मी म्हणतो, कड आहे." त्यांनी टेबलावर मूठ आपटली. "कड आहे म्हणजे आहे! पूर्ण टाकी मला पाहिजे. लेबलावर हेच शब्द पाहिजेत. आणि पुढची टाकीही अगदी अशीच पाहिजे. जराही कमी भाजलेली चालणार नाही."

"अगदी अशीच?" डावरी किंचाळली. "बाई, पण मला माहीतच नाही ती किती जळली ते! मी आईशी फोनवर बोलत होते!"

बाईंनी एकदा हॉटेलवाल्यांकडे पाहिलं, एकदा डावरीकडे.

"मग पुढच्या वेळीही आईला फोन लाव," त्या म्हणाल्या. "आणि मावशीचं विचार."

लाल बिअर गावात गेली. लोक ती एकमेकांकडे बघत पीत. कड कोणाला आधी सापडते यावर टेबलांवर पैजा लागत, आणि सापडली नाही असं कबूल करणारा माणूस अजून निघायचा होता. चाखोबांना कोणी झाकणं मोजायला बसवलं नाही. चाखणीच्या पुढच्या दिवशी त्यांची खुर्ची होती तिथेच, टेबलाच्या टोकाला होती. ती पाहून त्यांना भरून आलं. सगळे नियम पाळून आले होते ते, नुसत्या ओल्या ब्रशने दात घासून. ते ऐसपैस बसले आणि ट्रेकडे पाहिलं. ट्रेमध्ये एकच पेला होता. त्यांनी झाकण सरकवलं. सोडा.

"बाई, बिअर राहिली वाटतं."

"ती मी चाखली," मालकीणबाई म्हणाल्या. "जराशी आंबूस आहे, ते मी डावरीला सांगितलंय. तुम्ही बोला."

"बोला म्हणजे? चाखल्याशिवाय?"

"काका, इतकी वर्षं तुम्ही चाखून बोललात आणि मी गटारात बिअर ओतली. एकदा न चाखता बोललात आणि टाकी रिकामी झाली."

चाखोबांनी तात्यांच्या पेल्याकडे पाहिलं. झाकण बाजूला होतं आणि काठावर पांढरा, जाड, ताजा फेस हलत होता. त्यांच्या तोंडाला अक्षरशः पाणी सुटलं.

"निदान एक घोट तरी?" त्यांनी हळूच विचारलं.

"नको. घोट घेतलात की नावं ठेवाल."

चाखोबांनी खुर्चीचे हात घट्ट धरले. मग सोड्याचा पेला उचलला, डोळे मिटले, घोट घेतला आणि तो बराच वेळ तोंडात धरून ठेवला. खोलीत सगळे श्वास रोखून वाट पाहत होते.

"सुरुवातीला..." ते म्हणाले, आणि त्यांनी एक डोळा उघडून तात्यांच्या पेल्यातल्या फेसाकडे पाहिलं.

"अगदी!" तात्या म्हणाले. "मीही तेच म्हणणार होतो."